पनौतीच्या घरचा चहा

समोरच्या संघाचा खेळाडू चेंडू घेऊन आमच्या हद्दीत घुसला, की लिंबाजीमामा रेषेबाहेर उभे राहून त्याला लाल झंडी दाखवायचे. गंमत म्हणून नव्हे. पूर्णा जंक्शनवर गाड्या जोडणारा, झंडी दाखवणारा पॉइंट्समन म्हणून उभी हयात काढलेला माणूस तो. हात खांद्याच्या रेषेत ताठ, मान वर, नजर चेंडूवर. चेंडू आमच्या पोरांच्या पायात आला, की लाल झंडी काखेत जायची आणि हिरवी बाहेर यायची. झंड्या नोकरीतल्याच होत्या, उन्हानं विटलेल्या. निरोपसमारंभात साहेबांनी "काय हवं" म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच मागून घेतल्या होत्या. एकदा पंचांनी हरकत घेतली तर मामा म्हणाले, "साहेब, मी मैदानात पाय ठिवला का? न्हाई ना? मग सिग्नल देणं मपलं काम हाय. थांबायचं का न्हाई ते ड्रायवर बघन."

त्यांच्या लाल झंडीला एकही फॉरवर्ड कधी थांबला नाही. पण म्हणून झंडी दाखवायचं त्यांनी सोडलं नाही.

परभणी जिल्ह्यात कुठंही जा, पोरं क्रिकेट खेळताना दिसतील, फार तर कबड्डी. पूर्णेला मात्र फुटबॉल रुजला तो रेल्वेमुळं. लोको शेडच्या भरभराटीच्या काळात बाहेरगावाहून बदलून आलेल्या कुणीतरी तो आणला. पुढं शेड गेलं, अर्धी कॉलनी ओस पडली, रिकाम्या क्वार्टरांच्या खिडक्या-दारं लोकांनी काढून नेली, पण मैदान राहिलं आणि फुटबॉलही राहिला. आमच्या संघाचं नाव जंक्शन. मी शाळेत शिक्षक. अर्ज बरा लिहितो, या एका गुणावर संघाचा चिटणीस झालो. माझे वडील बुकिंग ऑफिसात होते आणि मामांचं क्वार्टर आमच्या मागच्या ओळीत, त्यामुळं ते लहानपणापासून माझे मामा. अध्यक्ष वसंतराव, त्यांचं स्टेशन रोडला हार्डवेअरचं दुकान. मनानं दिलदार, पण डोक्यानं गरम.

दर थंडीत परभणीला जिल्ह्याची स्पर्धा भरते. आम्ही अंतिम सामन्यापर्यंत बिनबोभाट पोचतो आणि शहरवाल्यांकडून हरतो. एकदा हरलो तेव्हा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा हरलो तेव्हा पंचांना शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळेपासून मात्र गावाचं डोकंच फिरलं. परतीच्या टेम्पोत हलगीवाल्यानं हलगी अशी आपटली, की तिचं कातडं फाटलं. एकानं संघाचा बनियन स्टेशनसमोर पेटवला. दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, कारण एकाच्या मते चूक डाव्या बाजूच्या बचावाची होती आणि दुसऱ्याच्या मते उजव्या. लोक मला शाळेच्या दारात गाठून विचारायचे, "सर, पोरं मुद्दाम हरतेत का वो?" माझी पाचवीतली एक विद्यार्थिनी वडिलांचा निरोप घेऊन आली होती, की यंदा संघ पाठवूच नका.

मामांचाही राग कमी नव्हता. ते काही साधुसंत नव्हते. हरलो की ते दोन दिवस जेवायचे नाहीत, मामींशी बोलायचे नाहीत. समजूत घालायला गेलेल्याला दारातूनच परत लावायचे. "मला दुख झालंय. होऊ द्या. ज्याला राग येत न्हाई त्याला चहा बी पाजू नाई." तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते मैदानावर हजर असायचे. पोरं मान खाली घालून बसलेली असली, की म्हणायचे, "आरं, फायनल हरायला फायनलपर्यंत जावं लागतंय. बाकीचे संघ पयल्याच हप्त्यात घरी जाऊन हुरडा खायलेत. उठा, पळा." पोरं उठायची. खरं सांगायचं तर त्यांच्या तोंडाला लागण्यापेक्षा पळणं सोपं होतं.

हरण्यावर उपाय शोधायला गावानं काही बाकी ठेवलं नाही. बनियनचा रंग बदलला. उपांत्य सामन्यात घातलेले मोजे अंतिम सामन्यापर्यंत धुवायचे नाहीत, असं एका वर्षी ठरलं. त्या टेम्पोत बसणं ही शिक्षा होती. गोलच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली. रेल्वेच्या गावातली माणसं रेल्वे सोडून टेम्पोनं जायला लागली, कारण गाडी स्टेशनातून सुटताना उलट्या दिशेला तोंड करून सुटते असा कुणीतरी शोध लावला. मामा हे सगळं बघायचे आणि विचारायचे, "आन् कॉर्नर मारायची प्रॅक्टिस कव्हा करणार?"

पाचवा अंतिम सामना हरल्यावर स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बैठक बसली. वसंतरावांनी पाच बोटं वर केली आणि एकेक गोष्ट निकालात काढली. खेळाडू बदलले, प्रशिक्षक बदलले, अध्यक्षही बदलले. बूट नवे, जाळी नवी. मग पाचही वेळा हजर होतं तरी कोण? सगळे आठवायला लागले. माझ्या बहिणीच्या लग्नामुळं माझा एक सामना चुकला होता. त्या लग्नानं मला वाचवलं. दुसरा एक जण काविळीमुळं सुटला. असं एकेक नाव गळत गेलं आणि शेवटी एकच उरलं. मग कोपऱ्यातून शब्द आला, "पनौती." कुणी हसलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. पाचवीच्या मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस मी, तिथं चहाच्या कपाकडं बघत बसून राहिलो.

सहाव्या वर्षी पुन्हा अंतिम सामना आला. आदल्या दिवशी सकाळी वसंतराव आणि मी मामांच्या घरी गेलो. बरोबर चिटणीस हवा, म्हणजे गोष्ट रीतसर होते, असं वसंतरावांचं म्हणणं. मामा ओट्यावर बसून हिरव्या झंडीची उसवलेली कड शिवत होते. वसंतरावांनी प्रकृतीची चौकशी केली, मामींची केली, थंडीचीही केली. मग म्हणाले, "मामा, लोकांचं जरा म्हणणं पडलंय. यंदा तुमी घरीच थांबा. मोबाईलवर दाखवतेत आता सगळं. सर लावून देतेल."

मामांनी सुई कापडात तशीच खोचून ठेवली. "कामून?"

वसंतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं. शब्द होईल तेवढा मऊ केला, पण तो शब्दच असा, की मऊ होत नाही.

मामांनी झंडी बाजूला ठेवली. मग आत वळून म्हणाले, "आगं, दोन कप चहा टाक." आणि आमच्याकडं बघून, "पनौतीच्या घरचा चहा चालतो ना?"

मामींनी चहा आणला. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं; कप ठेवताना बशी वाजली. वसंतरावांनी अर्धा कप कसाबसा घशाखाली उतरवला. माझा कप तसाच राहिला.

"मपल्या आज्याला गावात सांगायचे," मामा म्हणाले, "तुजी सावली पडू दिऊ नको. सकाळी समोर येऊ नको, काम बिघडतंय. मपला बाप म्हणला, बास झालं. दीक्षा घेतली, देव्हारा पाण्यात सोडला, आन् मला हितं रेल्वेत चिटकिवलं. का, तर रुळाला जात नसती. तीस-बत्तीस वर्सं मी गाड्या जोडल्या, वसंतराव. एक डबा सुटला न्हाई. आन् आज तुमी मला मपली सावली मोजून दाखवायलात?"

"तसं न्हाई वो मामा..." वसंतराव पुटपुटले.

"तसंच हाय. पर आसू द्या. मी तुमच्यात बसत न्हाई, जा. शब्द दिला." त्यांनी सुई पुन्हा हातात घेतली आणि आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पोला नारळ फोडला तेव्हा मामा नव्हते. वसंतरावांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मला हलकं वाटलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण वाटलं होतं ते खरं आहे.

सामना सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. कुणीतरी माझा दंड दाबला आणि समोर बोट दाखवलं. मैदानाच्या पलीकडं, शहरवाल्यांच्या गर्दीत, पहिल्या रांगेत, खुर्चीवर लिंबाजीमामा बसले होते. पांढरा सदरा, धुतलेली टोपी, हातात शेंगांचा पुडा. आमच्यात बसत नाही हा शब्द त्यांनी पाळला होता. तिथं काय झालं ते मला नंतर एका शहरवाल्यानंच सांगितलं. पोरांनी विचारलं, काका, कुठले? मामा म्हणाले, "मी पूर्णेची पनौती. मी जिकडं बसतो तिकडचे हरतेत. म्हणून मला तुमच्यात धाडलंय." पोरं पोट धरून हसली. त्यांनीच खुर्ची आणून दिली.

मध्यंतरानंतर आम्ही पहिला गोल केला. पलीकडं एकटी हिरवी झंडी उभी राहिली. आता मात्र त्या पोरांचं हसू मावळलं. एक जण अदबीनं म्हणाला, "काका, तुमी जरा तिकडं सावलीत बसता का?" मामा म्हणाले, "आता कसं! तुमी बी आमच्यावानीच निघालात की." आणि जागचे हलले नाहीत.

थोड्या वेळानं शहरवाल्यांनी बरोबरी साधली. सामना संपायला काही मिनिटं उरली असताना आमच्या गोलवर एक उंच, साधा चेंडू आला. आमचा गोलकीपर बालाजी, हमालाचं काम करणारा एकवीस वर्षांचा मुलगा, पुढं आला, दोन्ही हातांत चेंडू घेतला, आणि तो त्याच्या हातांतून निसटून मागं गेला. समोर उभ्या असलेल्या खेळाडूला फक्त पाय लावायचा होता. त्यानं तो लावला.

शिट्टी झाली आणि आमची माणसं मैदानात घुसली. पंचांकडं नाही, शहरवाल्यांकडं नाही, बालाजीकडं. सहा वर्षांचा राग होता. "इकला गेला", "मुद्दाम सोडला" असं कुणी कुणी ओरडत होतं. आणि मग तो शब्द परत आला. हीच खरी पनौती, वर्षभर आपल्यात पोसली. कुणीतरी त्याचा बनियन गळ्याजवळ धरला. तो सोडवूनही घेत नव्हता. मी मध्ये पडलो, पण माझं कोण ऐकतंय?

तेवढ्यात पलीकडून मामा मैदान ओलांडत आले. नेहमीच्याच चालीनं, घाई न करता. टोपीवर, भुवयांवर, सदऱ्यावर गुलाल. जिंकलेल्या पोरांनी त्यांना उचलून घेऊन माखलं होतं आणि दरवर्षी या म्हणून सांगितलं होतं. आमच्यातला एक जण किंचाळला, "गद्दार! त्यांचा गुलाल लावून आलाय!"

"लावला," मामा म्हणाले. "पुसला न्हाई. तुमी नीट बघावं म्हणून." ते बालाजी आणि गर्दी यांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "आज मी कुठं होतो?"

मामा वसंतरावांकडं वळले.

"वसंतराव, बोला की. पनौती कुनाकडं होती?"

"तिकडं," वसंतराव म्हणाले.

"आन् कप कुनाकडं गेला?"

वसंतरावांनी मान खाली घातली.

"मग आता ह्या लेकराला धरायलात व्हय? मी जवळून बघितलं. चेंडू निसटला त्याच्या हातातून. ती चूक हाय. चूक सुधरता येती. पनौती सुधरता येती का? सांगा ना. तिला फकस्त हाकलता येतंय. तुमाला जितायचं हाय का कोन्हाला तरी हाकलायचं हाय, ते एकदा ठरवा." आणि बनियन धरलेल्या माणसाच्या हातावर त्यांनी आपला हात ठेवला. "सोड."

त्यानं सोडला.

बालाजीला टेम्पोत बसवायची सोय नव्हती. मामा त्याला घेऊन स्टेशनवर गेले आणि मीही त्यांच्या मागं गेलो. संध्याकाळच्या पॅसेंजरमध्ये आम्ही तिघं. बालाजी दारात जाऊन उभा राहिला. मी मामांसमोर बसलो आणि म्हणालो, मामा, माझं चुकलं. काल मी तसं तुमच्या घरी यायला नको होतं.

"तू निदान तोंडावर बोललास. बाकीच्यांनी माघारी म्हणलं." ते सदऱ्यावरचा गुलाल झटकत होते. मग थांबून म्हणाले, "फकस्त एक सांग. तुला सोताला खरं वाटलं व्हतं का?"

नाही म्हणायला किती सोपं होतं. पण त्या माणसासमोर खोटं बोलवेना. "थोडं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहिलं. तूर काढणीला आली होती. पिंगळी स्टेशन गेलं, मिरखेल गेलं, ते बाहेरच बघत होते. पूर्णेला उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, तो पायऱ्या उंच होत्या म्हणून. मला मात्र तो हात अजून आठवतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानावर गेलो तर मामा आणि बालाजी तिथंच. शेजारी पाण्यानं भरलेली बादली. मामा चेंडू बादलीत बुडवायचे आणि गुळगुळीत, निथळता चेंडू बालाजीकडं फेकायचे. तो निसटला की मोजायचे नाहीत, पकडला की मोजायचे. पंचवीस झाल्याशिवाय घरी जायचं नाही. सत्तरीचा माणूस वाकून वाकून चेंडू बुडवत होता आणि तोंडानं त्या पोराचा उद्धार करत होता, "आरं हात हायेत का चाळणी? हमाली करतूस ना? पोतं कसं धरतूस? तसं धर." वर्षभर हे चाललं. बादली उचलायला मी जायला लागलो, मग आणखी एक-दोघं आले. वसंतराव दुरून बघायचे. दुकानातून त्यांनी एक नवी बादली पाठवून दिली, पण स्वतः आले नाहीत.

पुढच्या वर्षी अंतिम सामना पेनल्टीवर गेला. बालाजीनं दोन अडवल्या. आमच्या फॉरवर्डांनी तीन आभाळात मारल्या. मामा आमच्यातच, पहिल्या रांगेत होते. त्यांना कुणी काही म्हणायची हिंमत केली नाही. हरल्यावर त्यांनी भर मैदानात फॉरवर्डांना अशा शिव्या घातल्या, की मी शिक्षक म्हणून इथं लिहू शकत नाही. मग तिथंच गवतात बसून ते ढसाढसा रडले. "जितायचं व्हतं रं," एवढंच म्हणत होते. मला तेव्हा कळलं, की हा माणूस आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त हरत होता आणि तरी सगळ्यांच्या आधी उठत होता.

त्या उन्हाळ्यात मामा गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळा संघ बनियन घालून आला. बालाजीला बोलायला उभं केलं तर तो नुसता हात जोडून खाली बसला. वसंतराव शेवटच्या रांगेत बसले होते आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

यंदाच्या थंडीत आम्ही पुन्हा अंतिम सामना हरलो. दोन-शून्य. परतीच्या पॅसेंजरमध्ये सगळे एकाच डब्यात होतो. टेम्पो कधीच बंद झाला होता. कुणी कुणाला शिवी दिली नाही. त्यापेक्षा शिव्या बऱ्या असं वाटावं इतकी शांतता होती. पिंगळीच्या पुढं वसंतराव डोळे पुसत म्हणाले, "लिंबाजीमामा न्हाईत, म्हणून गेला आज कप. मामा आसते तर जितलो आसतो."

माना हलल्या. दोघा-तिघांनी उसासे टाकले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. प्रेमानंच बोलत होते ते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठून उभा राहिलो. वर्गातसुद्धा मी एवढ्या मोठ्यानं बोलत नाही.

"होते तेव्हा ते होते म्हणून हरलो. आता ते नाहीत म्हणून हरलो. वसंतराव, त्या माणसाला आता तरी सोडा! आज आपण हरलो. आपण."

पलीकडच्या बाकावर एक बाई लेकराला शेंगा सोलून देत होती, ती थांबली. मग खिडकीपाशी बसलेला बालाजी म्हणाला, "बरोबर हाय सर. दुसरा गोल मपल्यामुळं झाला. मी लवकर फुडं आलो." त्याच्या शेजारचा म्हणाला, "पयला मपल्यामुळं. मपला मानूस मी मोकळा सोडला." मग तिसरा बोलला, मग चौथा. कुणी पास चुकवला होता, कुणी दमून पळणं सोडलं होतं, कुणी सराव बुडवून लग्नाला गेला होता. मिरखेल यायच्या आत अकरा जणांनी आपापली चूक सांगितली होती, आणि सांगताना कुणी मान खाली घातली नव्हती.

सगळ्यांच्या नजरा वसंतरावांकडं गेल्या. त्यांनी गळ्यातली शाल काढून मांडीवर ठेवली.

"मपली तुमाला ठावं हाय," ते म्हणाले.

मग माझी पाळी आली.